जुन्या बाजारातली फँटसी: इंदुरात नव्याने पुस्तकं शोधणाऱ्यांसाठी

खजूरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानापुढे उभं राहून 'फँटसी है क्या?' असं विचारलंत, तर उत्तर बहुतेक वेळा 'नहीं है' असंच येतं. दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यात पुस्तकांचे कप्पे वेगळे आहेत: कोर्स, कॉम्पिटिशन, धार्मिक, बच्चों की, हिंदी उपन्यास आणि 'इंग्लिश नॉवेल'. फँटसी, म्हणजे जादू आणि कल्पित जगांच्या गोष्टी, या सगळ्यांत विखुरलेली असते आणि कुठल्याच कप्प्यावर तिचं नाव नसतं. म्हणजे ओळखायचं काम तुमचं.

पुण्याहून शिकायला किंवा नोकरीला आलेल्यांनी अप्पा बळवंत चौक आधी डोक्यातून काढून टाकावा. इथे मराठी पुस्तकांच्या दुकानांची रांग नाही. जुना माल मुख्यतः हिंदी आणि इंग्रजी, मराठी क्वचित आणि तीही बाजारापेक्षा घरांतून मिळणारी. जन्मापासून इंदुरात राहून सगळं ऑनलाइन मागवणाऱ्यांनाही हे लागू आहे. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा. पहिली पायरी गाळून थेट बाजारात गेलात तर हमखास नको ते घेऊन याल.

१. आधी यादी, मग बाजार

फँटसीचा मोठा भाग मालिकांचा असतो, आणि जुन्या बाजारात मालिका कधीच ओळीने मिळत नाहीत. त्यामुळे वहीत किंवा फोनमध्ये प्रत्येक मालिकेची भागवार यादी करा. लेखकाचं आडनाव सगळ्यात आधी आणि मोठ्या अक्षरात लिहा, कारण पुस्तकाच्या पाठीवर लांबून तेच वाचता येतं. यादीत तुमच्याकडे असलेले भागही लिहा, नाहीतर एकच भाग दुसऱ्यांदा घरी येतो.

एवढ्याने भागत नाही. नावं आणि क्रमांक दोन्ही दगा देतात, म्हणून हे सापळे यादीतच टिपून ठेवा:

- एकच पुस्तक, दोन नावं. फिलिप पुलमनचं 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५) अमेरिकेत 'द गोल्डन कंपस' या नावाने निघालं. आपल्याकडे ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही प्रती फिरतात. वेगळी पुस्तकं समजून दोन्ही घेणारे लोक आहेत.
- एक पुस्तक, दोन तुकडे. जॉर्ज आर. आर. मार्टिनचं 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' (२०००) ब्रिटिश पेपरबॅकमध्ये 'स्टील अँड स्नो' आणि 'ब्लड अँड गोल्ड' अशा दोन खंडांत आहे. त्याच मालिकेतली पाचवी कादंबरीही अशीच दोन खंडांत आहे. म्हणून सात पुस्तकांचा 'पूरा सेट' दाखवतात त्यात कादंबऱ्या पाचच असतात, आणि मालिका अजून अपुरीच आहे. मालिकाही सात कादंबऱ्यांची ठरलेली असल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.
- पाठीवरचा आकडा. नार्नियाची सात पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात निघाली. जुन्या क्रमात 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' पहिलं. नंतरच्या आवृत्त्यांत कथेच्या काळाप्रमाणे क्रम लावून 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर १ आकडा छापला, जे प्रत्यक्षात सहावं निघालं होतं. वेगवेगळ्या आवृत्त्यांतून सात पुस्तकं जमवायची तर आकडा विसरा, नावं जुळवा. वाचायलाही जुनाच क्रम चांगला. त्या वॉर्डरोबचं, म्हणजे कपाटाचं, दार उघडल्यावर काय आहे हे आधीच कळलं तर उरतं काय?
- लेखक बदललेला. रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' १९९० साली सुरू झाली. २००७ साली तो गेला आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसनने पूर्ण केले, शेवटचा २०१३ साली. एकूण चौदा भाग आणि एक पूर्वकथा. पाठीवर दोन नावं दिसली म्हणून बाजूला ठेवू नका, तोच ऐवज आहे.

अगदीच नवे असाल तर मालिकेपासून सुरुवात करूच नका. एकटं उभं राहणारं काही घ्या. टोल्किनचं 'द हॉबिट' (१९३७) पुढच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तीन खंडांशिवायही पूर्ण वाटतं. टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्डची ४१ पुस्तकं आहेत, पण बहुतेक कुठूनही वाचता येतात. जुन्या बाजारासाठी याहून सोयीचा लेखक मला माहीत नाही.

२. बरोबर काय न्यायचं

कागदपत्रं काही लागत नाहीत. सामान मात्र लागतं:

- जाड कापडी पिशव्या, दोन. प्लास्टिकच्या पिशवीचे बंद जाड पुस्तकांनी तुटतात.
- मास्क आणि जुना रुमाल. धुळीची ॲलर्जी असो वा नसो.
- फोन, चार्ज केलेला. टॉर्चसाठी, यादीसाठी आणि पुस्तकाचा आयएसबीएन (मागे छापलेला ओळख क्रमांक) टाकून तो कितवा भाग आहे हे बघण्यासाठी.
- सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं, पण घासाघीस करून ठरलेल्या रकमेला हातात नोटा असल्या की व्यवहार पटकन मिटतो.
- पाण्याची बाटली आणि मळले तरी चालतील असे कपडे. पांढरा कुर्ता घालून ढिगासमोर बसू नका.

३. कधी जायचं

शाळा-कॉलेज उघडायच्या सुमारास, म्हणजे जून-जुलैत, खजूरी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. दुकानदाराला कोर्सच्या पुस्तकांतून मान वर करायला वेळ नसतो, आणि कथा-कादंबऱ्यांचे ढीग मागच्या भिंतीला सरकलेले असतात. त्या दिवसांत जाऊन 'जरा वो नीचे वाली निकाल दो भिया' म्हटलंत तर शिव्याच खाल.

दोन मोसम धरा. पहिला दिवाळीच्या आधीच्या साफसफाईचा आणि त्यानंतरचे काही आठवडे. घराघरांतला अटाला, म्हणजे भंगार-रद्दी, तेव्हा बाहेर निघतो, गठ्ठे दुकानांत यायला आणि सुटायला थोडे दिवस लागतात. दुसरा एप्रिल-मेचा, होस्टेलं रिकामी होतात तेव्हाचा. पावसाळ्यात शक्यतो जाऊ नका. माल दमट असतो आणि बुरशीचा वास तपासता येत नाही, कारण सगळ्यालाच तो येत असतो.

दिवसाची वेळ म्हणाल तर दुपार. राजवाड्याच्या भागात संध्याकाळी गर्दी इतकी वाढते की तुमच्या मागून लोक ढकलत असतात. गाडी लांब लावून पायी या.

४. कुठे कुठे बघायचं

*खजूरी बाजार.* राजवाड्याला लागून असलेला हा पुस्तकांचा बाजार हेच मुख्य ठिकाण. दर्शनी भागात गाइड आणि कोर्सची पुस्तकं दिसतात म्हणून परत फिरू नका. जिथे जुनी पुस्तकं विकत घेतात अशी दुकानं शोधा, कारण जो घेतो त्याच्याकडेच अनपेक्षित माल येतो. 'पुरानी किताबें लेते हो?' एवढं विचारलं की कळतं.

*भंवरकुआं आणि आसपास.* कोचिंग आणि होस्टेलांचा भाग. पीएससीची तयारी करणाऱ्यांच्या पुस्तकांच्या ढिगात मधूनच लेखकाच्या नावापेक्षा ड्रॅगन मोठा असलेलं मुखपृष्ठ दिसतं. आयआयएम आणि आयआयटी दोन्ही याच शहराच्या वेशीवर, राऊ आणि सिमरोलला. तिथली मुलं इंग्रजी मालिका वाचतात आणि शहर सोडताना वजन कमी करतात. ओळखीचं कुणी तिथे असेल तर होस्टेलच्या ग्रुपवर एक निरोप टाकायला सांगा. बाजारापेक्षा तिथे सलग भाग मिळण्याची शक्यता जास्त, कारण एकाच वाचकाचा संच असतो.

*महू.* इंदूरहून साधारण २३ किलोमीटर. लष्कराच्या तीन मोठ्या संस्था तिथे आहेत: आर्मी वॉर कॉलेज, इन्फंट्री स्कूल आणि एमसीटीई (लष्कराचं दूरसंचार अभियांत्रिकी कॉलेज). अधिकाऱ्यांची कुटुंबं येतात, राहतात, बदलीवर जातात, आणि बदलीच्या सामानात पुस्तकं सगळ्यात आधी कमी होतात. तिथल्या अटालेवाल्यांकडे इंग्रजी कादंबऱ्या बऱ्या अवस्थेत मिळतात. इंदूरच्या बाजारापेक्षा घासाघीसही कमी.

*अटालेवाले.* तुमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणारा माणूस हा या सगळ्या साखळीतला पहिला दुवा. त्याच्याकडे पुस्तक किलोवर येतं आणि किलोवरच जातं. त्याला फोन नंबर देऊन ठेवा. 'अंग्रेजी की मोटी किताब आए तो पहले मुझे दिखाना' एवढंच सांगा. जाड म्हटलं की पुरतं. फँटसी बहुतेक जाडच असते.

*किलोच्या भावाची प्रदर्शनं.* परदेशात न खपलेली आणि वाचनालयांनी काढून टाकलेली पुस्तकं तिथे येतात. प्रॅचेट आणि किशोरवयीन फँटसी तिथे भरपूर. पहिल्या दिवशी सकाळी जा. शेवटच्या दिवशी स्वस्त मिळतं असं म्हणतात, पण तेव्हा उरतो तो फक्त स्वयंपाकाच्या पुस्तकांचा आणि विस्मरणात गेलेल्या नटांच्या आत्मचरित्रांचा ढीग.

*मराठी घरं.* रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर. जुनी घरं पाडून फ्लॅट होताहेत आणि आजोबांची कपाटं निघताहेत. इथे दुकान नाही, म्हणून ओळख लागते. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात किंवा महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमानंतर चहा घेताना विषय काढा. 'काकू, जुनी पुस्तकं रद्दीत घालणार असाल तर आधी एकदा बघू द्याल का?' या वाक्याला मी नकार ऐकलेला नाही. उलट पोहे खाऊनच सुटका होते. मात्र एक पाळा: कपाटात काही खरंच मोलाचं दिसलं तर ते त्यांना सांगा आणि मग भाव ठरवा. गुपचूप वीस रुपयांत उचलणं हे बाजारात चालतं, घरात नाही.

५. ढीग कसा वाचायचा

आधी ढिगाच्या तळाशी बघा. जाड आणि रुंद पुस्तकं दुकानदार पायासाठी वापरतात, वर पातळ पुस्तकांचा मनोरा रचतात. सहाशे-आठशे पानांची फँटसी त्यामुळे नेमकी सगळ्यात खाली, जमिनीला टेकलेली असते, आणि तिची पाठ धुळीने इतकी राखाडी झालेली असते की नाव वाचायला रुमाल फिरवावा लागतो. तळातलं पुस्तक ओढून काढू नका. वरचा ढीग दोन-तीन खेपांत उचलून बाजूला ठेवा, हवं ते काढा, आणि ढीग होता तसा परत रचा. परत रचणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार पुढच्या वेळी आतल्या खोलीत जाऊ देतो. हा या लेखातला सगळ्यात फायद्याचा सल्ला समजा.

कुठल्या कप्प्यात काय सापडतं ते साधारण असं. 'बच्चों की'मध्ये नार्निया, हॅरी पॉटर, पुलमन, आणि मुखपृष्ठावर गमतीदार चित्र आहे म्हणून प्रॅचेट. 'धार्मिक'मध्ये शिव, राम, कर्ण यांच्यावरच्या आधुनिक इंग्रजी कादंबऱ्या. अमीशची २०१० साली आलेली मेलूहावरची कादंबरी मी गीतेच्या टीकांशेजारी पाहिलीय. 'इंग्लिश नॉवेल'मध्ये बाकी सगळं, थ्रिलर आणि प्रेमकथांत मिसळलेलं. सिनेमाचं पोस्टर मुखपृष्ठावर असलेल्या प्रती वेगळ्या काढून दर्शनी लावतात, त्यामुळे टोल्किनच्या सिनेमावाल्या आवृत्त्या चटकन सापडतात आणि महाग सांगतात. त्याच कादंबऱ्यांच्या साध्या मुखपृष्ठांच्या जुन्या प्रती मागे स्वस्त पडलेल्या असतात.

शोधताना लेखकांची नावं उच्चारत बसू नका. तुम्ही नाव घेतलं की भाव वाढतो.

६. हातात आल्यावर तपासणी

मुखपृष्ठ शेवटी बघा. क्रम असा ठेवा.

आधी शेवटची दहा पानं. सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त मार शेवटच्या आणि पहिल्या पानांना बसतो. पहिलं पान गेलं तर चालेल, शेवटचं गेलं तर सातशे पानं वाचून हात कपाळाला. फँटसीत शेवटी परिशिष्टं, वंशावळी, नावांच्या सूची असतात, त्याही मोजा. टोल्किनच्या तिसऱ्या खंडात परिशिष्टांची पानं शंभराच्या वर आहेत.

मग नकाशा. या प्रकारच्या पुस्तकात नकाशा शोभेचा नसतो. दर चार प्रकरणांनी मागे उलटून बघावं लागतं की ही मंडळी आता डोंगराच्या कुठल्या बाजूला आहेत. घडीचा नकाशा असेल तर तो नेमका फाडलेला असतो. पानावरच छापलेला असेल तर वाचता येतोय का बघा.

मग मधली पानं. पुस्तकं १६ किंवा ३२ पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांनी, बांधलेली असतात. बांधणीत चूक झाली की एक फर्मा दोनदा येतो आणि दुसरा गायब होतो. सगळी पानं उलटायची गरज नाही. साधारण दर पंधरा पानांनी पृष्ठांक बघत गेलात की उडी लगेच कळते.

मग वास आणि पाठ. पिवळी पानं ठीक आहेत, स्वस्त कागद काळाने पिवळा पडतोच. काळे-हिरवे ठिपके आणि ओलसर वास नको. पानांत बारीक वेडीवाकडी भोकं दिसली तर पुस्तक उघडून हलकेच टेबलावर आपटा. पिठासारखी ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे.

आता सगळ्यात मोठा सापळा, नकली प्रती. फुटपाथवर नवंकोरं, सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं, छापील किमतीच्या चौथाईला मिळणारं पुस्तक जुनं नसतं आणि अस्सलही नसतं. खपाऊ नावांतच हे होतं: हॅरी पॉटर, मार्टिन, अमीश. ओळखायचं कसं? मुखपृष्ठावरचं नाव अस्सल प्रतीत बऱ्याचदा उठावाचं असतं, बोट फिरवलं की जाणवतं; नकलेत सगळं सपाट आणि रंग किंचित मळका. आत अक्षरं जाडसर, इंग्रजी 'ई'चं पोट शाईने बुजलेलं. ओळी पानावर तिरक्या, वरचा समास एका पानावर दोन बोटं तर पुढच्यावर अर्धं बोट. कागद इतका पातळ की मागच्या पानाच्या ओळी दिसतात. नकाशा तर काळा डागच. लेखकाला यातला एक रुपया जात नाही हे आहेच. शिवाय मधली पानं गायब असण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त.

दोन खुणा पाहून मात्र घाबरू नका. पानांच्या कडेवर काळ्या मार्करची रेघ असेल तर तो परदेशात न खपल्यामुळे स्वस्तात काढलेला माल. पुस्तक अस्सल आहे. परदेशी वाचनालयाचा शिक्का आणि त्यावर 'विथड्रॉन' किंवा 'डिस्कार्ड' असेल तरी बिनधास्त घ्या, त्यांची बांधणी उलट मजबूत असते. पण आपल्याच शहरातल्या वाचनालयाचा शिक्का असेल आणि रद्द केल्याची खूण नसेल, तर ते पुस्तक कुणीतरी परत न केलेलं आहे. मी असलं पुस्तक घेत नाही.

७. भाव

माझा नियम असा: चांगल्या अवस्थेतल्या साध्या पेपरबॅकला छापील भारतीय किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि अगदी हवंच असेल तर निम्म्यापर्यंत. पाठीमागे किंमत पौंडात किंवा डॉलरमध्ये असेल तर दुकानदार 'इम्पोर्टेड है' म्हणून गुणाकार करून दाखवतो. त्या गुणाकारात अडकू नका. त्याने ते किलोवरच घेतलंय. आज तेच पुस्तक भारतात नवं कितीला मिळतं, हा आकडा घरून बघून या. त्याच्यासमोर फोन काढून किंमत बघणं वाईट दिसतं, आणि वर सुनावतोही: 'तो ऑनलाइन ही ले लो ना भिया.'

एकेक पुस्तकाचा भाव करू नका. चार-पाच निवडा, त्यांत हवं असलेलं पुस्तक मध्येच कुठेतरी ठेवा, आणि सगळ्यांचा मिळून विचारा: 'भिया, पाँचों का सही लगा लो.' सही लगाने को म्हटल्यावर पहिला आकडा कधी सही नसतो, पण दुसरा बराचसा असतो. तिसऱ्यांदा ताणू नका, माणूस पुन्हा लागणार आहे.

निघताना विचारा, 'पढ़ के वापस लोगे?' बरीच दुकानं निम्म्या भावाने परत घेतात. तसं ठरलं तर पहिल्या पानावर किंमत पेन्सिलने लिहून घ्या आणि दुकानाचा शिक्का मारून घ्या. तोंडी बोलणं तीन महिन्यांनी कुणाच्या लक्षात राहत नाही.

८. मधला भाग सापडला तर?

नवे लोक इथे उलटं वागतात. पहिला भाग दिसला की झडप घालतात, तिसरा दिसला की 'पहिला मिळाल्यावर बघू' म्हणून ठेवून देतात. पहिला भाग कुठेही मिळतो. सगळ्यात जास्त खपतो तोच, आणि निम्मे लोक तो अर्धवट सोडून रद्दीत घालतात. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत जो पोचतो तो वाचक पुस्तक सहसा विकत नाही, त्यामुळे ते भाग बाजारात येतच नाहीत. मालिका पूर्ण करायची हे नक्की असेल तर मधला आणि शेवटचा भाग दिसेल तेव्हा घ्या. पहिला भाग नवा विकत घ्यावा लागला तरी हिशेब जमतो.

एकाच आवृत्तीचा, एकाच उंचीचा संच जुळवायचा हट्ट असेल तर हा बाजार तुमच्यासाठी नाही. ब्रिटिश पेपरबॅक दोन मापांत येतात, अमेरिकी तिसऱ्याच. शेल्फवर दात पडलेले दिसणारच.

९. हिंदी आणि मराठी ढीग सोडू नका

इंग्रजीच्या नादात लोक ज्या ढिगाकडे पाठ फिरवतात, तिथे तिलिस्म (जादूने बांधलेल्या गूढ जागा) आणि ऐयार (वेशांतरात तरबेज हेर) पडलेले असतात. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८ सालची. आरसे, भुयारं, वेशांतरं, बेशुद्धीच्या पुड्या, सगळं आहे. तिचा पुढचा विस्तार 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांचा. इंदुरात हे न सापडणं कठीण. सापळा एकच: 'संक्षिप्त' आवृत्त्या. मुखपृष्ठावर तो शब्द बारीक असतो किंवा नसतोच, म्हणून जाडी बघा. एका हातात मावणारी 'संपूर्ण संतति' असूच शकत नाही. खत्री १९१३ साली गेले, त्यांचं लेखन कुणालाही छापता येतं, त्यामुळे नव्या प्रतीही स्वस्त आहेत. जुन्या प्रतीसाठी जास्त देऊ नका. हॅरी पॉटरचे हिंदी आणि मराठी अनुवाद भोपाळच्या मंजुलने काढले. हिंदी प्रती इथे सहज मिळतात.

मराठीत नारायण धारपांची (१९२५–२००८) जुनी पुस्तकं घरांतल्या कपाटांत निघतात. भयकथा म्हणून त्यांचं नाव, पण त्यांच्या 'समर्थ' या पात्राच्या कथांतल्या मंत्र-शक्तींचा आणि दुसऱ्या मितींचा खेळ फँटसीच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. जुन्या आवृत्त्यांना संग्राहक जास्त पैसे मोजतात, वाचायचंच असेल तर नवी आवृत्ती घ्या. त्याच कपाटात 'नवल' आणि 'धनंजय'चे दिवाळी अंक असतील तर ते आधी उचला. अद्भुत कथांचे अनुवाद त्यांत दडलेले आहेत. टोल्किनच्या तीन खंडांचा मुग्धा कर्णिकांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद जुन्या बाजारात यायची वाट बघू नका, नवाच मागवा. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या आपल्या सुरुवातीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांसाठी ग्रंथालयातच जा, अटाल्यात सापडणार नाहीत.

चांदोबा आणि इंद्रजाल कॉमिक्स दिसले तर मोह आवरा. त्यांचा भाव आता सगळ्यांना कळलाय, एका फाटक्या अंकाला कादंबरीएवढे पैसे सांगतात.

१०. घरी आणल्यावर

थेट कपाटात ठेवू नका. एका पुस्तकातली कसर सगळ्या कपाटात जाते. कोरड्या रुमालाने, मग मऊ ब्रशने कडा झाडा, तेही गॅलरीत. किडीचा संशय असेल तर पुस्तक हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पानांवर पाणी धरतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, मटारच्या पिशवीशेजारी राक्षस बघून चर्चा होते.

दमट वास असेल तर पुस्तक उभं, पानं किंचित उघडी करून एका खोक्यात ठेवा, शेजारी वाटीत खाण्याचा सोडा ठेवा आणि खोकं चार-पाच दिवस बंद करा. कडक उन्हात वाळवू नका, पाठीचा गोंद तडकतो. किमतीची चिकटपट्टी केस वाळवायच्या ड्रायरच्या गरम हवेने सुटते. नखाने खरवडलीत तर मुखपृष्ठच सोलून निघेल. मागच्या मालकाने पहिल्या पानावर लिहिलेलं नाव, तारीख, 'हॅपी बर्थडे' वगैरे खोडू नका. पेन्सिलने लिहिलेला दुकानाचा भावही परत विकायचं की नाही हे ठरेपर्यंत राहू द्या.

शेवटी यादी काढा आणि आणलेले भाग त्यावर खुणा करून टाका, त्याच दिवशी.